सिडकोनिर्मित इमारतींचा पुनर्विकास

सिडकोनिर्मित इमारतींचा पुनर्विकास म्हणजे शहर आणि औद्योगिक विकास महामंडळाने (सिडको) नवी मुंबईत बांधलेल्या व कालांतराने जीर्ण झालेल्या इमारती दुरुस्त न करता पाडून त्यांच्या जागी नव्या इमारती उभारण्याची प्रक्रिया होय. सिडको ही महाराष्ट्र शासनाची कंपनी असल्याने या वसाहती शासकीय यंत्रणेनेच बांधल्या आणि लोकांना विकल्या. त्या जुन्या झाल्यावर दुरुस्त कराव्यात की नव्याने बांधाव्यात, आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न वाशीसह शहराच्या जुन्या उपनगरांत अनेक वर्षे चर्चेत राहिला. फेब्रुवारी २०१५मध्ये राज्य शासनाने अशा इमारतींसाठी २.५ पर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय) मंजूर केल्यानंतर पुनर्बांधणीला गती मिळाली.

दुरुस्ती की पुनर्बांधणी हा प्रश्न प्रथमदर्शनी अभियांत्रिकीचा असला तरी नवी मुंबईत त्याचे उत्तर जमिनीची मालकी, बांधकामाची परवानगी असलेले क्षेत्र, रहिवाशांची संमती आणि पैशांची उपलब्धता यांवरही अवलंबून राहिले आहे.

## पार्श्वभूमी

मुंबई बेटावरील लोकसंख्येचा ताण कमी करण्यासाठी ठाण्याच्या खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे, अशी कल्पना १९६०च्या दशकात मांडली गेली. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि स्थापत्य अभियंता शिरीष पटेल हे या कल्पनेचे प्रमुख पुरस्कर्ते होते. शासनाने १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना केली आणि पुढे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये तिला नव्या शहराचे विकास प्राधिकरण नेमले. नियोजित शहराचे क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटर होते.

खाडीवरील पहिला पूल १९७३ साली वाहतुकीस खुला झाला. पुलाच्या पूर्व टोकाला असलेली वाशी ही सर्वांत आधी विकसित झालेल्या उपनगरांपैकी एक होती. तेथे व पुढे नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे, ऐरोली आदी ठिकाणी सिडकोने अल्प, मध्यम व उच्च उत्पन्न गटांसाठी घरे बांधली. मुंबईतील घर न परवडणारे नोकरदार, माथाडी कामगार, बाजार समितीतील व्यापारी व कर्मचारी हे या घरांचे सुरुवातीचे ग्राहक होते. घरे प्रकारांनुसार ओळखली जात. वाशीच्या सेक्टर ९ व १० परिसरातील 'जेएन-१', 'जेएन-२' ही नावे पुढे पुनर्विकासाच्या चर्चेत वारंवार आली. मे १९९२मध्ये रेल्वे वाशीपर्यंत पोहोचेपर्यंत या वसाहतींतील बरीचशी वस्ती स्थिरावली होती.

नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ रोजी सुरू झाला. त्यानंतर इमारतींची सुरक्षितता व बांधकाम परवानगी हे विषय महानगरपालिकेकडे आले. जमिनीची मालकी मात्र सिडकोकडेच राहिली. या दुहेरी व्यवस्थेचा परिणाम पुनर्विकासाच्या प्रत्येक टप्प्यावर जाणवतो. २०११च्या जनगणनेनुसार महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ११,२०,५४७ होती.

## इमारती जीर्ण होण्याची कारणे

या वसाहतींतील अनेक इमारतींत बांधकामानंतर दोन-तीन दशकांच्या आतच छताचा गिलावा कोसळणे, स्लॅबमधील सळया उघड्या पडणे आणि स्तंभांना उभे तडे जाणे असे प्रकार दिसू लागले. बांधकामाच्या दर्जाविषयी रहिवाशांच्या तक्रारी होत्या. त्याखेरीज इमारती लवकर जीर्ण होण्यामागे पुढील कारणे सांगितली जातात.

खाडीकाठचे हवामान. दमट आणि क्षारयुक्त हवेतील क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळयांपर्यंत पोहोचते. गंजलेल्या पोलादाचे आकारमान मूळ पोलादाच्या कित्येक पटींनी वाढते. त्या दाबाने सळईभोवतीचे काँक्रीट फुटते व सळई आणखी उघडी पडते. वाशीचा पहिला खाडीपूलही याच प्रकारच्या समस्येला बळी पडला. त्याच्या पूर्वताणित केबलींना गंज लागल्याने दुरुस्त्या कराव्या लागल्या, आणि अखेर शेजारी दुसरा पूल बांधून १९९७ साली वाहतूक तिकडे वळवण्यात आली.

कार्बोनेशन. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा अल्कधर्मी गुण कालांतराने कमी होतो. हा गुण सळयांभोवती संरक्षक थर टिकवून ठेवत असतो. तो गेल्यावर गंज सुरू होतो.

तत्कालीन मानके. या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा लागू असलेल्या भारतीय मानक ४५६च्या १९७८च्या आवृत्तीत प्रबलित काँक्रीटसाठी एम-१५ दर्जाचे काँक्रीट चालत असे. २००० सालच्या आवृत्तीत किमान दर्जा एम-२० करण्यात आला आणि सागरी हवामानासारख्या तीव्र परिस्थितीसाठी एम-३० दर्जा व सळयांवर ४५ मिलिमीटर आच्छादन सांगण्यात आले. भूकंपात इमारत ठिसूळपणे कोसळू नये म्हणून सळयांची मांडणी कशी असावी हे सांगणारे भारतीय मानक १३९२० हे १९९३ साली आले. त्यामुळे त्यापूर्वीच्या इमारती त्यांच्या काळातील नियमांनुसार बांधलेल्या असल्या, तरी आजच्या निकषांवर उतरतीलच असे नाही.

गळती व देखभालीचा अभाव. स्वच्छतागृहांतील गळती, गच्चीवरील जलरोधक थराची झीज आणि फुटक्या सांडपाण्याच्या नळ्या यांमुळे काँक्रीट सतत ओले राहते. उघड्या सळयांवरील गंज न काढता वरून नवा गिलावा केल्यास दोष झाकला जातो, थांबत नाही.

वापरातील बदल. बाल्कनी खोलीत सामावून घेणे, भिंती काढणे, गच्चीवर पत्र्याची छपरे व पाण्याच्या टाक्या बसवणे यांमुळे मूळ आराखड्यात न धरलेला भार इमारतीवर येतो.

इमारतीचे वय हा महत्त्वाचा निकष असला तरी तो पुरेसा नाही. २७ जुलै २०२४ रोजी बेलापूरजवळील शहाबाज गावात कोसळून तिघांचा बळी घेणारी इमारत केवळ दहा वर्षांच्या आसपासची होती. ती सिडकोनिर्मित नव्हती. याउलट योग्य देखभाल झालेल्या कित्येक जुन्या इमारती सुस्थितीत आहेत.

## तपासणी व वर्गीकरण

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५ अ नुसार ३० वर्षांहून अधिक काळ वापरात असलेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी, म्हणजेच स्ट्रक्चरल ऑडिट, नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक आहे. ही जबाबदारी मालकाची अथवा संस्थेची असते. तपासणी टाळल्यास २५ हजार रुपये किंवा त्या मिळकतीचा वार्षिक मालमत्ता कर यांपैकी जी रक्कम अधिक असेल तितका दंड होऊ शकतो. धोकादायक इमारतींबाबत नोटीस देण्याचे अधिकार कलम २६४ अन्वये, तर इमारत रिकामी करून घेण्याचे अधिकार कलम २६८ अन्वये महानगरपालिकेला आहेत.

महानगरपालिका दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते. शासनाच्या ५ नोव्हेंबर २०१५च्या परिपत्रकानुसार इमारतींचे चार प्रवर्ग केले जातात.

- सी-१: अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य, तत्काळ रिकामी करून पाडणे आवश्यक.
- सी-२ ए: इमारत रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती आवश्यक.
- सी-२ बी: इमारत रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती शक्य.
- सी-३: किरकोळ दुरुस्ती पुरेशी.

तपासणीची सुरुवात प्रत्यक्ष पाहणीने होते. त्यानंतर विविध चाचण्या केल्या जातात. रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा, तर श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या वेगावरून आतील पोकळ्या व तडे यांचा अंदाज घेतला जातो. फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारल्यावर काँक्रीट गुलाबी झाले नाही, तर तेथपर्यंत कार्बोनेशन पोहोचल्याचे समजते. अर्धघट विभव चाचणी सळईला गंज लागण्याची संभाव्यता दाखवते. काँक्रीटचा दंडगोलाकार नमुना कापून प्रयोगशाळेत त्याची दाबक्षमता मोजणे ही तुलनेने थेट चाचणी आहे. मात्र असे नमुने मोजक्याच ठिकाणांहून घेता येतात. एकाच इमारतीबाबत दोन अभियंत्यांचे अहवाल वेगळे निघू शकतात ते यामुळेच. रहिवाशांमध्ये पुनर्विकासावरून मतभेद असल्यास प्रवर्गाचा प्रश्न वादाचा ठरतो, कारण सी-१ आणि सी-२ यांतील फरक हा घर सोडणे आणि घरी परत येणे यांतील फरक असतो.

## दुरुस्ती आणि पुनर्बांधणी यांतील निवड

संरचनात्मक दुरुस्तीत सैल झालेले काँक्रीट काढणे, सळयांवरील गंज साफ करणे, गरजेनुसार नव्या सळया जोडणे, पॉलिमरयुक्त मसाल्याने भाग पूर्ववत करणे आणि दुबळ्या स्तंभांभोवती काँक्रीटचे किंवा पोलादाचे वेष्टन घालणे (जॅकेटिंग) ही कामे येतात. नुकसान मर्यादित व एकाच भागात असेल, पाया सुस्थितीत असेल आणि काँक्रीटची दाबक्षमता मूळ आराखड्याच्या जवळ असेल, तर दुरुस्ती व्यवहार्य ठरते. तिचा खर्च कमी असतो, कुटुंबांना दीर्घकाळ घर सोडावे लागत नाही आणि वसाहतीचे स्वरूप बदलत नाही.

क्लोराइड संपूर्ण सांगाड्यात पसरले असल्यास मात्र दुरुस्तीचा उपयोग मर्यादित राहतो. दुरुस्त केलेल्या भागाच्या कडेला, जुन्या व नव्या काँक्रीटच्या सीमेवर, गंज पुन्हा व काही वेळा अधिक वेगाने सुरू होतो. अशा इमारतीला दर काही वर्षांनी दुरुस्ती करावी लागते. तसेच दुरुस्तीने इमारतीचे आयुष्य वाढले, तरी उद्वाहन, अग्निशमन व्यवस्था, वाहनतळ किंवा भूकंपरोधक रचना या मूळ आराखड्यात नसलेल्या गोष्टी सहज मिळत नाहीत. चार मजली, उद्वाहन नसलेल्या इमारतींत राहणारी पहिली पिढी वृद्ध झाल्यानंतर हा मुद्दा अधिक तीव्र झाला.

खर्चाचे स्वरूपही निर्णयावर प्रभाव टाकते. दुरुस्तीचा खर्च रहिवाशांना स्वतःच्या खिशातून करावा लागतो. पुनर्विकासात तो अतिरिक्त बांधकाम क्षेत्राच्या विक्रीतून भागवला जाऊ शकतो. परिणामी, पुनर्बांधणी एकूण खर्चात कित्येक पटींनी महाग असूनही प्रत्येक कुटुंबाच्या दृष्टीने ती दुरुस्तीपेक्षा स्वस्त ठरू शकते. पुनर्विकास होणार या अपेक्षेने मधल्या काळातील आवश्यक दुरुस्तीही पुढे ढकलली जाण्याचा धोका त्यातून निर्माण होतो.

## कायदेशीर चौकट

### भाडेपट्टा

नवी मुंबईतील भूखंड सिडकोने साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले आहेत. घराची मालकी रहिवाशाची असली तरी जमीन सिडकोची असल्याने पुनर्विकासासाठी तिचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. बांधकामाची परवानगी महानगरपालिका देते. त्यामुळे प्रत्येक प्रस्ताव दोन यंत्रणांकडून संमत व्हावा लागतो.

### चटई क्षेत्र निर्देशांक

भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे चटई क्षेत्र निर्देशांकाने ठरते. सिडकोच्या जुन्या निवासी वसाहती १च्या आसपासच्या निर्देशांकाने बांधल्या गेल्या होत्या. तेवढाच निर्देशांक कायम राहिल्यास नव्या इमारतीत विकण्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही. वाढीव निर्देशांकाच्या मागणीवर अनेक वर्षे चर्चा झाल्यानंतर फेब्रुवारी २०१५मध्ये शासनाने सिडकोनिर्मित धोकादायक व मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी तो २.५ पर्यंत वाढवला. डिसेंबर २०२०मध्ये राज्यातील बहुतांश नियोजन प्राधिकरणांसाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिच्या कक्षेत नवी मुंबई महानगरपालिकेचाही समावेश आहे.

### रहिवाशांची संमती

सिडकोच्या काही वसाहतींत सहकारी गृहनिर्माण संस्था, तर काहींत महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली स्थापन झालेले सदनिकाधारकांचे संघ आहेत. सहकारी संस्थेत जमीन व इमारत संस्थेच्या नावे असते आणि सदस्य भागधारक असतो. अपार्टमेंट पद्धतीत प्रत्येक सदनिकाधारक जमिनीतील अविभाज्य हिश्शाचा मालक असतो. म्हणून अपार्टमेंट संघांत एका सदस्याचा नकारही प्रकल्प अडवण्यास पुरेसा ठरत असे. पुढे कायद्यात दुरुस्ती करून ही अट शिथिल करण्यात आली.

सहकारी संस्थांसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ अ खाली शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी निर्देश काढले. त्यांत विशेष सर्वसाधारण सभा, प्रकल्प सल्लागाराची नियुक्ती, निविदा, सभेचे चित्रीकरण आणि निबंधकाच्या प्रतिनिधीची उपस्थिती अशी कार्यपद्धती ठरवून दिली. ४ जुलै २०१९च्या सुधारित निर्देशांनुसार सभेसाठी दोन-तृतीयांश सदस्यांची गणपूर्ती आणि निर्णयासाठी ५१ टक्के सदस्यांची लेखी संमती लागते.

## प्रक्रिया

पुनर्विकासाचे टप्पे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात.

1. संरचनात्मक तपासणी व महानगरपालिकेकडून प्रवर्गाची निश्चिती.
2. सभेत पुनर्विकासाचा प्राथमिक ठराव. प्रकल्प सल्लागाराकडून व्यवहार्यता अहवाल.
3. निविदा मागवणे व विकासकाची निवड, अथवा संस्थेने स्वतः पुनर्विकास करण्याचा निर्णय (स्वयंपुनर्विकास).
4. विकास करारनामा, नव्या सदनिकेचे क्षेत्र, संक्रमणकाळातील भाडे, बँक हमी व पूर्णत्वाची मुदत यांची नोंद.
5. सिडकोचे ना हरकत प्रमाणपत्र व महानगरपालिकेची बांधकाम परवानगी.
6. घरे रिकामी करणे, पाडकाम व बांधकाम.
7. भोगवटा प्रमाणपत्र व पुनर्वसन सदनिकांचा ताबा.

विक्रीसाठी असलेल्या सदनिकांची नोंदणी महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे (महारेरा) करावी लागते. मूळ रहिवाशांचे हक्क मात्र मुख्यतः विकास करारनाम्यातून निश्चित होतात. म्हणून प्रकल्प रखडल्यास भाडे कोण व किती काळ देणार, आणि विकासक बदलण्याची तरतूद काय, ही कलमे रहिवाशांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरतात.

## आर्थिक गणित

पुनर्विकासाचे अर्थकारण एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होते. ४,००० चौरस मीटरच्या भूखंडावर १ निर्देशांकाने बांधलेली, प्रत्येकी ५० चौरस मीटरच्या ८० सदनिकांची वसाहत आहे असे मानू. निर्देशांक १च राहिला, तर नवी इमारतही ४,००० चौरस मीटरचीच होईल आणि तिचा संपूर्ण खर्च ८० कुटुंबांना वाटून घ्यावा लागेल. निर्देशांक २.५ झाल्यास १०,००० चौरस मीटर बांधता येतात. प्रत्येक कुटुंबाला ३० टक्के अधिक, म्हणजे ६५ चौरस मीटर क्षेत्र दिले, तरी पुनर्वसनासाठी ५,२०० चौरस मीटर लागतात व विक्रीसाठी ४,८०० चौरस मीटर उरतात. या विक्रीतून सर्व १०,००० चौरस मीटरचे बांधकाम, शासकीय शुल्के, रहिवाशांचे भाडे, कर्जावरील व्याज आणि विकासकाचा नफा भागवायचा असतो.

या गणितातून तीन गोष्टी दिसतात. विक्रीचा दर जास्त असलेल्या वाशीसारख्या भागात प्रकल्प सहज उभा राहतो. दर कमी असलेल्या भागात तितकीच धोकादायक इमारत विकासकाविना पडून राहू शकते. मूळ घरे जितकी लहान व संख्येने अधिक, तितके पुनर्वसनाचे क्षेत्र वाढते व विक्रीचे क्षेत्र घटते. म्हणजे अल्प उत्पन्न गटाच्या वसाहतींचा पुनर्विकास अधिक अवघड असतो. तसेच बाजारभाव घसरल्यास किंवा परवानग्या लांबल्यास पहिला फटका संक्रमणकाळातील भाड्याला बसतो.

## टीका व आक्षेप

नागरी सुविधांवरील ताण. शहराचे रस्ते, जलवाहिन्या, मलनिःसारण आणि शाळा यांचे नियोजन मूळ लोकसंख्या गृहीत धरून झाले होते. एकाच सेक्टरमधील अनेक भूखंडांवर अडीचपट बांधकाम झाल्यास पाणी व वाहनतळाची गरज वाढते. महानगरपालिकेच्या मालकीचे मोरबे धरण ही शहराची मोठी जमेची बाजू असली, तरी धरणातील साठा आणि जुन्या सेक्टरमधील वितरण वाहिन्यांची क्षमता या भिन्न बाबी आहेत. वाढीव निर्देशांक प्रत्येक भूखंडापुरता न पाहता संपूर्ण सेक्टरचा एकत्रित विचार व्हावा, असे नगररचनेच्या अभ्यासकांचे म्हणणे असते.

शहराच्या रचनेतील बदल. सिडकोच्या वसाहती कमी उंचीच्या, मोकळ्या अंगणांच्या व पायी फिरता येण्याजोग्या होत्या. त्यांच्या जागी व्यासपीठावरील वाहनतळ असलेले उंच मनोरे आल्याने रस्ता आणि घर यांतील संबंध बदलतो. बेलापूरमधील चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या व 'आर्टिस्ट व्हिलेज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीत (१९८३–८६) याहून वेगळा विचार होता. तेथे घरे एकमेकांना न चिकटता स्वतंत्र जागेवर बांधली गेली, जेणेकरून प्रत्येक कुटुंबाला गरजेप्रमाणे घर वाढवता यावे. पुढे तेथील बऱ्याच मालकांनी आपापली घरे वाढवली किंवा नव्याने बांधली. त्यासाठी शेजाऱ्यांनी एकाच वेळी घर सोडण्याची गरज पडली नाही. मूळ वास्तुरचनेचे स्वरूप मात्र त्यात बरेच बदलले.

देखभालीचा वाढता खर्च. उद्वाहने, पंप, अग्निशमन यंत्रणा व मोठ्या क्षेत्रावरील मालमत्ता कर यांमुळे नव्या इमारतीतील मासिक खर्च वाढतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या कुटुंबांना मोठे घर मिळूनही ते राखणे कठीण जाऊ शकते.

भाडेकरूंचे स्थान. पुनर्विकासाचे लाभ सदनिकेच्या मालकाला मिळतात. अशा वसाहतींत भाड्याने राहणाऱ्यांना मात्र नव्या इमारतीत परतण्याचा हक्क सहसा नसतो.

पर्यावरण. पाडकामातून मोठ्या प्रमाणावर राडारोडा निर्माण होतो. त्याची विल्हेवाट बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापनाच्या नियमांप्रमाणे लावणे अपेक्षित असले, तरी खाडीकाठच्या कांदळवनांत राडारोडा टाकला जाण्याच्या तक्रारी नवी मुंबईत वारंवार होतात. नवे सिमेंट व पोलाद तयार करताना होणारे कार्बन उत्सर्जन लक्षात घेता, दुरुस्ती शक्य असलेली इमारत पाडू नये, असा युक्तिवाद केला जातो.

## अन्य शासकीय इमारतींबाबतचे निर्णय

सिडकोच्या वसाहतींत मालकी शेकडो कुटुंबांत विभागलेली असते. इमारत शासनाच्याच मालकीची असेल, तर संमतीचा प्रश्न तुलनेने सोपा असतो. तरीही दुरुस्ती की पुनर्बांधणी याचे उत्तर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे दिले गेले आहे.

मंत्रालय, मुंबई. १९५५ साली बांधलेल्या या इमारतीला २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत वरचे मजले जळाले व पाच जणांचा मृत्यू झाला. इमारत पाडून नवी बांधण्याऐवजी मूळ सांगाडा ठेवून तिचे नूतनीकरण करण्यात आले.

मनोरा आमदार निवास, मुंबई. १९९०च्या दशकातील या इमारती अवघ्या पाव शतकात धोकादायक ठरल्या. २०१७ साली एका खोलीतील छताचा भाग कोसळल्यानंतर त्या रिकाम्या करून पाडण्याचा निर्णय झाला. नव्या बांधकामाचे भूमिपूजन ऑगस्ट २०२३मध्ये झाले. मधल्या वर्षांत आमदारांना पर्यायी निवासासाठी भाडे देण्यात आले. जागा व पैसा दोन्ही शासनाकडे असूनही पाडकाम आणि पुनर्बांधणी यांत किती अंतर पडू शकते, याचे हे उदाहरण आहे.

बीडीडी चाळी, मुंबई. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे एकूण २०७ चाळी बांधल्या. वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील पुनर्विकास म्हाडामार्फत हाती घेण्यात आला आणि प्रत्येक पात्र कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले. प्रकल्पाचा आरंभ २०१७ साली झाला. वरळीतील पहिल्या ५५६ घरांचे वाटप ऑगस्ट २०२५मध्ये झाले.

बाबू गेनू मंडई इमारत, मुंबई. मुंबई महानगरपालिकेच्या मालकीची, कर्मचाऱ्यांची निवासस्थाने असलेली ही इमारत २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोड परिसरात कोसळली व ६१ जण मृत्युमुखी पडले. इमारत १९८०च्या दशकाच्या आरंभी बांधलेली होती. तळमजल्यावरील गोदामात करण्यात आलेले बदल हा चौकशीतील प्रमुख मुद्दा होता.

संसद भवन, नवी दिल्ली. १९२७ साली उद्घाटन झालेली जुनी इमारत न पाडता शेजारी नवी इमारत बांधण्यात आली व तिचे उद्घाटन २८ मे २०२३ रोजी झाले. जुन्या इमारतीला 'संविधान सदन' हे नाव देण्यात आले. दुरुस्ती आणि पाडकाम यांखेरीज स्थलांतर हाही एक पर्याय असतो; मोकळी जागा उपलब्ध असेल तेथेच तो शक्य होतो. वसाहतींच्या बाबतीत असा पर्याय क्वचितच मिळतो, कारण रहिवाशांचे घर आणि त्याची जागा यांची फारकत करता येत नाही.

## महत्त्व

नवी मुंबई हे नियोजनपूर्वक वसवलेल्या शहरांपैकी एक असल्याने येथील इमारती मोठ्या संख्येने एकाच कालखंडात बांधल्या गेल्या, आणि त्या जीर्णही जवळपास एकाच वेळी होत आहेत. जुन्या शहरांत इमारतींची पिढी हळूहळू बदलते. येथे संपूर्ण सेक्टर एकदम पुनर्विकासाच्या टप्प्यावर येतो. वाशीनंतर नेरूळ, बेलापूर व कोपरखैरणे येथील वसाहतीही तीस वर्षांची मर्यादा ओलांडत असल्याने वाशीतील अनुभव त्यांच्यासाठी मार्गदर्शक मानला जातो. नव्या इमारतींच्या बाबतीतही तपासणी, गळती रोखणे व नियमित दुरुस्ती यांची तरतूद न झाल्यास खाडीकाठच्या हवेत हाच प्रश्न काही दशकांनी पुन्हा उभा राहील. त्या वेळी वाढीव निर्देशांकाचा आधार मिळेलच असे नाही, कारण तो या फेरीत बहुतांश वापरला गेलेला असेल.

## हेही पहा

- सिडको
- नवी मुंबई महानगरपालिका
- वाशी
- चटई क्षेत्र निर्देशांक
- स्वयंपुनर्विकास
- बीडीडी चाळ
- चार्ल्स कोरिया